अर्धा घासलेला काप

दगड हातात आला की ती आधी तो ओठाला लावायची. बघायची नंतर. स्फटिक ओठाला गार लागतो, काच तेवढी गार लागत नाही, असं तिचं म्हणणं.

कोणाकडे गेली की चपला काढता काढता फरशी बघायची. घरातली माणसं त्यानंतर.

खडेमीठ चिमटीत धरून खिडकीकडे करायची. कोपरे चौकोनी दिसले की मगच आमटीत टाकायची.

चहातली साखर ढवळायची नाही. शेवटचा घोट गोड आला की म्हणायची, "गाळ बसला."

गळ्यात भिंग. काळ्या दोऱ्यात ओवलेलं. लग्नकार्यातही तेच.

दगड उचलला की होता तसाच परत ठेवायची. ज्या अंगावर पडलेला होता त्याच अंगावर.

"पाषाणहृदयी" हा शब्द मी एकदा तिच्यासमोर वापरला. तिनं विचारलं, "कुठला पाषाण?"

आणि एक. माणसांबद्दल ती बिनदिक्कत खोटं बोलायची. "छान दिसतेस." फोनवर स्वतःच, "मॅडम घरी नाहीत." दगडाबद्दल कधीच नाही.

ही शेवटची सवय मी खरी धरून चालले होते.

शुभा कर्णिक. बोरीवली पूर्वेला, नॅशनल पार्कच्या भिंतीच्या अलीकडच्या गल्लीत आमची सोसायटी. ती तळमजल्यावर एकटी राहायची. नोकरीभर कॉलेजात भूशास्त्र शिकवलं, मग निवृत्त झाली. लग्न केलं नाही. एक भाऊ मुलुंडला. सोसायटीत सगळे तिला कर्णिक मॅडम म्हणायचे.

मी दुसऱ्या मजल्यावरची. मराठी साहित्यात एम.ए. झाले आणि घरी बसले. एकदा आईनं तिच्याकडे अळूवड्यांचा डबा देऊन पाठवलं. तिनं डबा घेतला आणि माझ्या बोटाकडे बघितलं.

"पुष्कराज?"

"आजीनं दिलाय. गुरू बळकट व्हावा म्हणून. नोकरी लागेल म्हणे."

तिनं माझा हात धरला, अंगठी ओठाला लावली, मग भिंगाखाली धरली.

"काच आहे गं. गुरू बिचारा काय करणार?"

मी हसले. मग जरा वाईट वाटलं.

"काचेत काही वाईट नाही," ती म्हणाली. "काच स्वतःला पुष्कराज म्हणवून घेत नाही. माणसं म्हणतात."

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गेले. ती म्हणाली, "काकू नको, मॅडम तर नकोच. ताई म्हण आणि अगं-तुगं कर. लेक्चर संपलंय माझं." मी तिला शुभाताई म्हणायला लागले. वयात चाळीस वर्षांचं अंतर होतं. ते कधी आड आलं नाही.

आमच्या सोसायटीच्या मागच्या अंगाला, पाण्याच्या टाकीपलीकडे एक काळं टेकाड होतं. दीड पुरुष उंच. इमारत बांधताना फोडायचं राहून गेलेलं. त्याच्या पोटात एक पोकळी होती. हात कोपरापर्यंत आत जायचा. टॉर्च मारला की आतल्या सगळ्या भिंती चमकायच्या. मुलं त्याला चमचम म्हणायची. रविवारी सकाळी शुभाताई तिथे मुलांना दगड शिकवायची. तिचं मराठी पाठ्यपुस्तकी होतं. मुलं जांभया द्यायची. ते सोपं करायचं काम तिनं मला दिलं.

"लाव्हा वाहत आला," ती सांगायची. "सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वी. थंड होताना आत वायू अडकला. भाकरीला फुगा येतो ना, तसा. दगड घट्ट झाला, फुगा तसाच राहिला. मग फार काळानं त्यात गरम पाणी झिरपलं. पाण्यात जे विरघळलेलं होतं ते भिंतीला धरलं. हे काचेसारखे उभे तुकडे दिसताहेत ते अपोफिलाइट. हे गुलाबीसर, पेंढी बांधल्यासारखे, ते स्टिल्बाइट."

"म्हणजे रत्नं?" एका मुलीनं विचारलं.

"नाही. रत्न व्हायला तीन गोष्टी लागतात. देखणं असावं, टणक असावं आणि सहज मिळू नये. यांच्याकडे पहिलीच आहे. चाकूनं ओरखडा पडतो यांच्यावर."

"मग मॅडम, यांचा उपयोग काय?"

"तुझा काय उपयोग आहे?"

मुलगी विचारात पडली. बाकीची मुलं खिदळली.

मी मुलांसाठी वाक्यं लिहून द्यायचे. एकदा मी लिहिलं, खनिज म्हणजे शब्द आणि खडक म्हणजे वाक्य. तिनं ते दोनदा वाचलं.

"चालेल. पण शब्दाचा अर्थ लोक ठरवतात. खनिजाची रचना कोणी ठरवत नाही. अणू आपापल्या जागी बसतात, बस. माणिक आणि नीलम घे. दोन्ही एकच खनिज. कुरुंद. चिमूटभर क्रोमियम आलं तर लाल. लोखंड आणि टायटॅनियम आलं तर निळं. आणि काहीच धड जमलं नाही तर ही." तिनं फळीवरचा डबा दाखवला. आत करडी पूड होती. "घासायची पूड. लोक जे बोटात मिरवतात त्यानं मी दगड घासते."

पहिल्या मजल्यावर वनमाला परब राहायच्या. आम्ही त्यांना परबमावशी म्हणायचो. मूळच्या कणकवलीकडच्या. दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून त्यांनी गावाहून एक दगड आणला होता. रुपेरी, पापुद्र्या-पापुद्र्यांचा, मधून लाल दाणे. शुभाताईनं तो बघितला आणि त्यांच्या उंबऱ्यातच बसकण मारली. तेव्हापासून दर रविवारी परबमावशी तो दगड स्वतः खाली घेऊन यायच्या.

"घ्या तुमचो दगड. बेगीन द्या. माझा दार आपटता."

"परबबाई, दाराला वीट लावा ना. हा माझ्या गुरूंच्या गुरूंहून म्हातारा आहे."

"म्हणानच दाराक लावलंय. म्हाताऱ्यांका कायतरी काम होया."

आणि मग शुभाताई मुलांना सांगायची. हा एके काळी चिखल होता. गाडला गेला. वरून दाब, खालून उष्णता. चिखलाचं अभ्रक झालं. पापुद्रे सगळे एका दिशेला निजलेत, दाब ज्या बाजूनं आला तिला आडवे. हे लाल दाणे गार्नेट. अंगठीतला गोमेद याच घराण्यातला. दगडाच्या आत उगवले ते, दगड न वितळता.

"वितळला असता तर?" मी विचारलं.

"तर आधीचं सगळं पुसलं असतं. तो नवाच खडक झाला असता. रूपांतरित खडक वितळत नाही. शेवटपर्यंत घट्ट राहतो आणि आतून बदलतो."

"आपल्याकडे मिळतो का?"

"आपल्याकडे सगळा लाव्हा. मुंबईत रूपांतरित खडक ट्रकातून येतो. देवळात संगमरवर बघतेस ना? तो आधी चुनखडी होता."

एका मुलानं किचेनला लावलेला झगझगीत निळा अकीक दाखवला. तिनं तो ओठाला लावला. "दगड खरा आहे. रंग बाटलीतला. नुसता रंग लावून रूपांतर होत नाही, बाळा."

हे वाक्य मी तेव्हा लिहून घेतलं होतं. मुलांच्या पुस्तकात घालायचं म्हणून.

मग सोसायटीचा पुनर्विकास ठरला. जुनी इमारत पाडायची, नवी उंच बांधायची. सगळ्यांना एकेक खोली जास्त मिळणार होती. बाबा खूष होते. नकाशात टेकाडाच्या जागी पार्किंगचा रॅम्प होता.

शुभाताई म्हणाली, दगड राहणार असेल तरच सही.

सेक्रेटरी यज्ञेश सामंत तिला समजवायला आले. मीही तिथे होते. बाकावर परबमावशी शेंगा सोलत बसल्या होत्या.

"मॅडम, एका दगडासाठी अख्खी सोसायटी अडवणार? तुम्हाला हवा तर एक तुकडा लॉबीत शोकेसमध्ये ठेवू ना."

"सामंत, तुमचा एक कान शोकेसमध्ये ठेवू? बाकीचे तुम्ही जा पार्किंगला."

सामंतांनी नकळत कानाला हात लावला. परबमावशी एवढ्या हसल्या की शेंगा सांडल्या.

"येवढी भांडणा कित्याक?" त्या म्हणाल्या. "थोडो शेंदूर फासा. बिल्डरचो बापूस हात लावूचो नाय."

सामंत हसले. मी पण हसणार होते. शुभाताई हसली नाही.

"शेंदूर म्हणजे काय माहितेय? शिसं. विष आहे ते. चाळीस वर्षं शिकवून मी दगडाला शिसं फासू?"

"मगे बसा शिकयत," परबमावशी म्हणाल्या आणि शेंगा वेचायला लागल्या.

त्या आठवड्यात मी पत्रक लिहिलं. वर मोठ्या अक्षरात एक ओळ टाकली. 'देव म्हणून नाही. दगड म्हणून.' शुभाताईनं ती ओळ मोठ्यानं वाचली. माझ्या पाठीवर थाप मारली. मला एवढं बरं त्याआधी कधी वाटलं नव्हतं. मी दारोदार गेले. लोक दार किलकिलं करून पत्रक घ्यायचे आणि चपलांच्या स्टँडवर ठेवायचे. घरी बाबा आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत.

बिल्डरकडून मापं घ्यायला एक आर्किटेक्ट आली. प्रियंका. माझ्याहून थोडी मोठी. मी तिला टेकाडाकडे नेलं. तिनं पोकळीत हात घातला, मग टॉर्च मारला.

"हे फोडणार आपण?" ती म्हणाली.

मग तिनं टेपनं पुन्हा मापं घेतली. "रॅम्प डाव्या हातानं फिरवला तर हे बागेत येतं. पार्किंग तेवढंच राहतं. मी करून बघते. रविवारी सभेत दाखवते. मतं मिळाली तर होईल. प्रॉमिस नाही हं."

मी धावतच शुभाताईकडे गेले. ती गॅलरीत काप घासत बसली होती.

काप म्हणजे दगडाची चकती. मागे गटाराचा पाइप टाकताना टेकाडाची एक कपची निघाली होती. ती तिनं जपून ठेवली होती. टेकाडावर हातोडा तिनं आयुष्यात कधी मारला नाही. कपचीचा एक पातळ काप काढून तिनं तो काचेच्या पट्टीवर चिकटवला होता. एका जाड काचेवर पाणी आणि ती करडी पूड. त्यावर काप पालथा धरायचा आणि आठाचा आकडा काढत फिरवायचा. तासन् तास.

"केसाहून पातळ झाला की काळा दगड पारदर्शक होतो," तिनं सांगितलं होतं. "सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलास की आतलं एकेक खनिज दिसतं. खनिजांच्या बारीक पट्ट्या पिवळ्या दिसताहेत तोवर घासायचं. करड्या झाल्या की थांबायचं. जरा जास्त झालं तर दगड संपला, हातात काचच उरते." आणि मग म्हणाली होती, "तुला दगडाच्या आत बघायचं होतं ना? हा तुझा."

मी प्रियंकाचं सगळं सांगितलं. तिचा हात थांबला नाही.

"ती बिल्डरची माणूस."

"चांगली आहे गं ती."

"असेल. पगार कोण देतं?"

"तू तिच्याशी बोल तरी."

"बघू."

शनिवारी सकाळी मला घंटेनं जाग आली. खाली गेले तर टाकीपलीकडे गर्दी. टेकाडाचं पुढचं अंग केशरी झालं होतं. तेलानं निथळत होतं. झेंडूची माळ, नारळ. पोकळीत कोणीतरी दिवा ठेवला होता. अपोफिलाइटवर काजळी धरली होती.

कोणाला नाक दिसत होतं, कोणाला शेपटी.

"शनिवारच आहे. मारुतीच हा," कोणीतरी म्हणालं.

परबमावशी भाजीची पिशवी घेऊन कडेला उभ्या होत्या. मी सरळ त्यांच्यासमोर गेले.

"तुम्हीच लावलात ना?"

"मी नाय गो. माका लावचो असतो तर पाच बायकांक बोलवून लावलो असतो. चोरून कित्याक लावू?"

"खोटं बोलू नका. त्या दिवशी तुम्हीच म्हणालात. तुमच्यासारख्या अडाणी बायकांमुळे..."

मी आणखीही बोलले. सगळी सोसायटी ऐकत होती. परबमावशींनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. मग त्या जिना चढून गेल्या.

तळमजल्याची खिडकी उघडी होती. जाळीमागे शुभाताई उभी होती. पहिल्या शब्दापासून उभी असणार.

"गार्गी, पुरे," ती म्हणाली. "घरी जा."

तेवढंच. मला वाटलं, केवढं मोठं मन हिचं.

दुपारी मी तिच्याकडे गेले. ती काप घासत होती. मी तिच्या शेजारी जमिनीवर बसले. डोळे भरून आले.

"वाट लावली गं मावशींनी. आता कोण ऐकणार आपलं?"

"पाणी घाल जरा."

मी तांब्यातून धार धरली. काचेवर राखाडी चिखल पसरला. त्यात एक केशरी रेघ उमटली. मला वाटलं, गंज असेल. पण तिचा हात फिरला तशी रेघही फिरली. ती तिच्या नखातून येत होती. शेंदूर तेलात कालवतात. तेल पाण्यात मिसळेना. रेघ वरच तरंगत राहिली.

मी रेघेकडे बघत होते. तीही बघत होती.

"तुम्ही लावलात?"

इतक्या दिवसांत मी तिला पहिल्यांदा तुम्ही म्हटलं.

"पहाटे," ती म्हणाली.

"का?"

"सभेत हात किती वर झाले असते? तुझा आणि माझा. पत्रक छान होतं तुझं. पण पत्रकानं दगड वाचत नाही, गार्गी. भीतीनं वाचतो. परबबाई बरोबर बोलत होत्या."

"मुलांना काय सांगितलंत तुम्ही? 'नुसता रंग लावून...'"

"मुलांना खरं तेच सांगितलं."

"आणि मला? ती ओळ वाचून माझ्या पाठीवर थाप मारलीत."

तिचा हात फिरतच राहिला.

"आणि परबमावशी? मी त्यांना सगळ्यांसमोर अडाणी म्हटलं. तुम्ही खिडकीत उभ्या होतात."

आता तिचा हात थांबला. आठाचा आकडा अर्धवटच राहिला.  

"पाणी कमी पडतंय," ती म्हणाली.

मी उठले. दारात थांबले. "उद्या सभेत सांगा. तुम्ही लावलात म्हणून. प्रियंका ड्रॉइंग आणतेय. अजून दगड वाचेल."

"बघू."

सभा हॉलमध्ये होती. प्रियंकानं कागदाची गुंडाळी उलगडली आणि चारी कोपऱ्यांवर पाण्याच्या बाटल्या ठेवल्या. टेकाड हिरव्या रंगात काढलं होतं. भोवती बाग, मुलांसाठी पायऱ्या. रॅम्प डावीकडून.

लोक वाकून बघायला लागले.

"पार्किंग कमी होतंय?" बाबांनी विचारलं.

"नाही काका. तेवढंच."

"मग ठीक आहे की," बाबा म्हणाले. मागून आणखी दोघंतिघं म्हणाले, ठीक आहे की. मी शुभाताईकडे बघितलं. तिनं भिंग मुठीत धरलं होतं. तिला हे अपेक्षित नव्हतं. ते तिच्या चेहऱ्यावर दिसलं.

सामंत उठले. "ताई, ड्रॉइंग झकास आहे. कालपर्यंत मीसुद्धा हो म्हटलं असतं. पण आता तिथे देव आहे. देव मागे ठेवायचा? गटाराच्या चेंबरशेजारी?"

वाकलेले लोक सरळ झाले.

"मारुती वेशीवर असतो," एक आजोबा म्हणाले. "गेटवरच हवा."

"गेटवरच," बायका म्हणाल्या.

"विधी करून हलवता येतो," सामंत म्हणाले. "गुरुजींशी बोललोय मी. बिल्डर संगमरवरी देवळी करून देतोय. आणि देव हलला की मागे काही अडचणच नाही. सगळेच सुटतो."

मी उभी राहिले. "तो देव नाही. शेंदूर लावलाय त्याला. माणसानं."

"गार्गी, सगळ्याच देवांना शेंदूर माणूसच लावतो," सामंत म्हणाले. लोक हसले. "बरं, कोणी लावला? सांग."

मी शुभाताईकडे बघितलं. सगळ्यांसमोर उघड बघितलं. तिनं खाली बघितलं. हॉलला शहाबादी फरशी होती. ती तिनं शेकडो वेळा बघितली होती.

परबमावशी माझ्याकडे बघत होत्या. मग त्यांनी शुभाताईकडे बघितलं. 

"मॅडम, तुम्ही तज्ज्ञ," सामंत म्हणाले. "तुमचं काही म्हणणं?"

"नाही," शुभाताई म्हणाली.

"मग हात वर करा बघू."

हात वर झाले. बाबांचाही. प्रियंकानं एकेक बाटली उचलली आणि कागद गुंडाळला. शुभाताईचा हात मांडीवर होता. तो वर गेला नाही. विरोधात कोण, असं सामंतांनी विचारलं तेव्हाही गेला नाही. तेव्हा एकटा माझाच हात वर होता.

मुहूर्ताच्या दिवशी गुरुजींनी कलश ठेवला. देवाला स्थलांतराची विनंती केली. मग कटरचं चक्र लावून टेकाडाचं केशरी अंग कापून काढलं, गादीएवढ्या जाडीचं. माणसांनी ते दोरखंडानं गेटपर्यंत नेलं. तिथे पांढरीशुभ्र देवळी तयार होती. संगमरवर राजस्थानातून ट्रकानं आला होता.

मागे उरलेल्या दगडावर ब्रेकर चालला. पोकळी फुटली तेव्हा आतले स्फटिक साखर सांडावी तसे सांडले. थोडे काळे, थोडे पांढरे. रविवारच्या वर्गातली मुलं डबे घेऊन वेचत होती. एका मुलीनं मला विचारलं, "ताई, मॅडम का नाही आल्या?"

तळमजल्याची खिडकी बंद होती. पडदाही ओढलेला होता.

मी परबमावशींकडे गेले आणि त्यांची माफी मागितली. त्यांनी चहा टाकला. दाराशी तो रुपेरी दगड होता.

"तू कित्याक माफी मागतंस? तुका कोणी सांगूक नाय," त्या म्हणाल्या. म्हणजे त्यांना कळलं होतं.

सोसायटीत सगळ्यांना वाटत होतं शेंदूर त्यांनीच लावला. पहिल्या आरतीचा मान त्यांना देत होते. त्या गेल्या नाहीत. येता-जाता गेटवर सगळे हात जोडायचे. परबमावशी सरळ पुढे जायच्या. मी कारण विचारलं.

"ह्यो देव नाय गो. कोणीतरी भियान फासललो शेंदूर."

मग घरं रिकामी करायची वेळ आली. लोक भाड्याच्या जागांत पांगले. कोणी दहिसरला, कोणी मालाडला. शुभाताई मुलुंडला तिच्या भावाकडे, नानांकडे जाणार असल्याचं आईकडून कळलं. तिनं मला सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

टेंपो आला त्या सकाळी मी दुसऱ्या मजल्यावरून बघत होते. खोकी जात होती. बहुतेक जड असणार. हमाल शिव्या देत होते. शेवटी ती आली. गेटवर देवळीपाशी थांबली. मला वाटलं आता वर बघेल. तिनं भिंग डोळ्याला लावलं आणि देवळीचा संगमरवर बघितला. देवळीच्या आतल्या दगडाकडे बघितलं नाही. मग टेंपोत ड्रायव्हरशेजारी बसली.

टेंपो गेल्यावर मी खाली गेले. दार उघडंच होतं. खोल्या रिकाम्या. गॅलरीत जाड काच तशीच पडली होती. तिच्यावर चिखल वाळून पांढुरका झाला होता. त्यात एक केशरी कड होती. पुडीचा डबा शेजारी, झाकण उघडं. आणि काचेवर पालथा ठेवलेला काप.

तो तिनं माझ्यासाठी ठेवला की विसरली, मला माहीत नाही. होता तसाच, ज्या अंगावर होता त्याच अंगावर, मी तो रुमालात घेतला.

ही गोष्ट गेल्या वर्षीची. तिचा फोन आला नाही. नानांचा नंबर माझ्याकडे आहे.

काप मी कधीतरी खिडकीशी धरते. एका कडेला तो पातळ झालाय. तिथून उजेड येतो, कोऱ्या चहासारखा. बाकी सगळा काळा आहे. पट्ट्या पिवळ्यासुद्धा दिसत नाहीत. अजून पुष्कळ घासायचा राहिलाय.